ट्वायलाची पुसलेली पुस्तकं

ट्वायला हॉस्टेटरला जगात सगळ्यात जास्त शिसारी कशाची येत असेल, तर दात दाखवून हसणाऱ्या बेडकाची. खऱ्या बेडकाची नव्हे. घरामागच्या तळ्यातले बेडूक तिच्या पायरीवर येऊन बसत, त्यांच्याशी तिचं भांडण नव्हतं. तिच्या डोक्यात जायचा तो पोरांना वाचायला शिकवायच्या नव्या कोऱ्या पुस्तकांवर छापलेला, गळ्यात लाल बो बांधलेला बेडूक.

"बेडकाला असे दात असतात होय गं?" ती म्हणायची. "ज्यांनी आयुष्यात बेडकाचं तोंड बघितलं नाही, ते माझ्या पोरांना वाचायला शिकवणार! शी!"

ओहायोतल्या त्या लहानशा गावात पोरांना शाळेत न धाडता घरीच शिकवणारी बरीच कुटुंबं होती, आणि पुस्तकांचा विषय निघाला की सगळ्या आया ट्वायलाकडे धावायच्या. दर मे महिन्यात चर्चच्या तळघरात जुन्या पुस्तकांची विक्री भरे, एका टेबलावर दुकानदार नवी कोरीही मांडे. ट्वायला एकेक पुस्तक चिमटीत उचलायची, नाक मुरडायची, मधलंच पान उघडायची आणि निकाल द्यायची.

"हे? अर्धं पान रंगवायला, उरलेलं स्टिकर चिकटवायला. पोरगं रंगारी होईल, वाचणार कधी?"

"हे तर त्याहून घाण. एका पानावर तीन नियम आणि खाली अपवादांची रांग. आधी एक आवाज तोंडात बसू दे की पोराच्या!"

आणि जुन्या पुस्तकांची तिला आणखी वेगळी किळस. द्राक्षाच्या जॅमने चिकटलेली पानं, कोपऱ्यावर कुणा बाळाने चघळल्याच्या खुणा, एकात तर वाळलेला शेंबूड. "लोक हे विकायला आणतात! विकायला!" असं ती इतक्या मोठ्याने म्हणायची, की पुस्तकाची मालकीण पलीकडच्या टेबलावर लालबुंद व्हायची. बोलणं कडू, पण पारख पक्की, म्हणून बायका ऐकून घ्यायच्या.

तिचं स्वतःचं पुस्तक एकच. राखाडी पुठ्ठ्याचा जुना चार भागांचा संच, आता छापतही नाहीत. ना बेडूक, ना बो. लहानसं चित्र, त्याखाली रिकामी जागा, आवाज ओळखा आणि अक्षरं भरा. थोरली मार्लिस त्यावर शिकली, मग वेंडेल, मग कोरिन. प्रत्येकाने पेन्सिलीने लिहायचं आणि संच संपला की उन्हाळ्यात ट्वायलाने ओसरीवर बसून पानन् पान खोडरबराने पुसायचं, हा घरचा रिवाज. मार्लिसचा हात भारी जड. "दाबून लिहू नकोस गं, कार्टे! तुझ्या पाठची पोरं काय माझ्या कपाळावर लिहिणार?" हे ट्वायलाने तिला हजारदा सांगितलं असेल. तिचं पाहून गावातल्या आणखी बायकाही पुसायला लागल्या होत्या.

आता पाळी धाकट्याची, सात वर्षांच्या अँसेलची. आणि अँसेल म्हणजे ट्वायलाच्या मुकुटातला हिरा! कधी एक अक्षर चुकलं नाही. खिडकीशी बसायचा, पुस्तक उजेडाकडे तिरकं धरायचा आणि भराभर लिहीत सुटायचा. वाचून दाखव म्हटलं की घडाघडा म्हणायचा. कोरिनला ह्याच स्वयंपाकघरात, हेच शब्द मोठ्याने वाचताना त्याने ऐकलं होतं, हे कुणाच्या ध्यानात येणार? गोष्टीचं पुस्तक मात्र तो हातात धरत नसे. "कोरिनने वाचलेलं छान लागतं," म्हणायचा. लाडावलाय, दुसरं काय, असं म्हणून ट्वायलाने ते सोडून दिलं.

त्या मे महिन्यात तळघरात नेहमीचाच ओला वास होता. त्यात कुणीतरी मोठ्या भांड्यात मांसाचा खिमा गरम करत ठेवलेला. ट्वायलाने टेबलावर राखाडी संचाचा पहिला भाग विकायला मांडला होता, कारण अँसेलचा तो केव्हाच संपला होता. स्वच्छ पुसलेला. दोघीतिघी त्यासाठी घुटमळत होत्या.

तेवढ्यात नॉरिन क्लाइन आली. गावात नवी, पोराला घरी शिकवायचं हे पहिलंच वर्ष, चेहरा घाबरलेला. आणि काखेत? तोच बेडूक.

"अगं बाई," ट्वायला म्हणाली, "हे उचललंस? दुकानदाराने बंदूक रोखली होती की काय?"

नॉरिन कशीनुशी हसली. "मला काहीच कळत नाही ट्वायला. तू बघून सांग ना. माझा लूथर अजून अडखळतो गं. रात्ररात्र झोप नाही मला."

"मी कशाला? माझं शेंडेफळच सांगेल. अँसेल, ये रे इकडे! ह्या मावशीला एक पान करून दाखव. बघशील नॉरिन, तोंडातलं बिस्कीट संपायच्या आत करतो की नाही."

अँसेल आला. बायका जमल्या. नॉरिनने पहिलंच पान उघडलं. दिव्याचं चित्र, खाटेचं चित्र, टोपीचं चित्र, खाली रिकाम्या जागा. अँसेलने पेन्सिल घेतली, पुस्तक उचललं, छताच्या दिव्याकडे तिरकं धरलं. मग दुसऱ्या बाजूने तिरकं केलं. मग पानावरून हळूच बोट फिरवलं.

"लिही की," ट्वायला म्हणाली.

"आई, ह्याच्या खाली काही नाहीये."

"कशाच्या खाली?"

"पानाच्या. आपल्या पुस्तकात असतं ना, ते. मार्लिसताईचं." तो अगदी साधेपणाने सांगत होता, जणू सगळ्यांच्याच पुस्तकात असतं. "हे बिघडलेलं आहे. दुसरं घे."

ट्वायलाने टेबलावरचा पहिला भाग ओढला, उघडला, दिव्याकडे तिरका धरला. स्वच्छ, पांढऱ्या पानावर मार्लिसची अक्षरं खोल उठलेली होती, एकूण एक.  तो खिमा, तो ओला वास, आपलंच मघाचं बोलणं, सगळं एकदम घशाशी आलं. दुसऱ्यांच्या पोरांचा शेंबूड दिसला बयेला! आणि आपलं पोरगं वर्षभर डोळ्यांसमोर आंधळ्यासारखं चाचपडत बसलं होतं, त्याला ती हुशार म्हणत होती.

"लाजला असेल गं," नॉरिन पटकन म्हणाली. "इतक्या बायका बघून..."

"लाजला नाही. त्याला येत नाही," ट्वायला म्हणाली. "माझ्या पोराला वाचता येत नाही."

 संचाचा तो भाग बघायला एकीने हात पुढे केला, तसा ट्वायलाने तो मागे ओढला. "हे घेऊ नका. आणि तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून पुस्तकं पुसलीत ना, त्या घरी जा आणि पानं उजेडात धरून बघा. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

कुणी शिवी दिली नाही. दोघी मात्र पर्स उचलून घाईने जिना चढून गेल्या. ट्वायलाने तो भाग फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवीन पुस्तकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. नियमांचं नको, रंगवायचं नको. एका पानावर एकच आवाज शिकवणारं तिथे एकच पुस्तक होतं. त्याच्यावर तो मेला बेडूक होता.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर ते उघडलं. अँसेल कोऱ्या पानाकडे बघत बसला. 

"टोपी म्हण," ट्वायला म्हणाली. "हळू. शेवटी काय ऐकू येतं?"

तो पुटपुटला. पुन्हा पुटपुटला. "चुकलं तर?"

"चुकू दे."

त्याने एक अक्षर पुसट, अगदी पुसट लिहिलं. चुकीचंच होतं. ट्वायलाचा हात सवयीने एप्रनच्या खिशात गेला. खोडरबर हाताला लागला आणि तिला स्वतःच्याच हाताची किळस आली. तिने तो खिशातच राहू दिला.

"हे पुसून मग कुणाला देणार?" अँसेलने विचारलं.

"कुणालाच नाही. हे तुझं आहे. दाबून लिही."

अँसेलने तिच्याकडे नीट बघितलं. ह्या घरात ते वाक्य त्याने आजवर ऐकलं नव्हतं. मग त्याने जीभ बाहेर काढून, तेच चुकीचं अक्षर पुन्हा गिरवलं, पानाच्या पाठीवर उठेल इतकं दाबून.