निम्म्यात म्हशी, निम्म्यात मी

कारखान्यांच्या वायरिंगची आणि पॅनेलची कामं घेणारा मी कंत्राटदार. ऑफिस म्हणाल तर स्कूटरची डिकी. तेवढ्या डिकीवर कागलच्या एका कारखान्यात कैक वर्षं स्वतःच्या नावानं काम केलं. मग तिथल्या खरेदी अधिकाऱ्यानं एक दिवस सांगितलं, जीएसटी नंबर नसलेल्या माणसाला आता काम देता येत नाही, वरून हुकूम आहे. नंबर आणा, नाहीतर आता ज्यांना काम दिलंय त्या पुण्याच्या कंपनीच्या हाताखाली रोजंदारीवर या, काम तेच आहे की.

काम तेच होतं, खरं. फक्त ते माझं राहणार नव्हतं. नंबर काढतोच म्हणालो आणि ऐटीत बाहेर पडलो.

नंबरासाठी धंद्याची जागा दाखवावी लागते. डिकी चालत नाही, हे मी विचारून घेतलं. घरमालक संमतीपत्र देईना. त्याला भीती, महापालिका व्यावसायिक घरफाळा लावेल. शेवटी मी डोकं चालवलं. मी डोकं चालवलं की घरात सगळे सावध होतात. हातकणंगल्याला सासऱ्यांचा गोठा आहे. लाइटचे कागद आहेत सांगून त्यांची सही घेतली आणि अर्जात गोठ्याचं ऑफिस करून टाकलं. कर सल्लागारानं बजावलं होतं, पूर्वी कागदावर भागायचं, आता नियम कडक झालेत, अधिकारी जागेवर येऊन फोटो काढतात. मी म्हटलं, हातकणंगल्यापर्यंत कोण मरायला येतंय.

जीएसटीच्या अधिकारी मॅडम आल्या. मी नेमका कागलला. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, वाटलं जनावरांच्या दवाखान्यातनं बाई आल्यात. त्यांनी म्हशीचा कान धरून पुढं केला, बिल्ला मारा म्हणून. मॅडमनी कान सोडून माझ्या धंद्याची चौकशी केली, तेव्हा मामा कौतुकानं म्हणाले, "जावईबापू व्हय? येत्यात की अधनंमधनं, दूध न्यायला."

नोटीस आली. दिलेल्या जागी व्यवसाय आढळला नाही, खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळू.

सल्लागार म्हणाला, सोडा आता, रोजंदारीत काय वाईट आहे? बायकोचंही तेच मत. तिथं माझं टाळकं सरकलं. जागा मी खोटी सांगितली होती, कबूल. पण धंदा खोटा नव्हता. मग जागाच खरी करायची. मामांची बोलणी खाल्ली, त्यांच्या हातापाया पडलो आणि निम्मा गोठा मागून घेतला. मधे पत्रा मारला, रॅक लावलं, चाचणीचं पॅनेल बसवलं. बाहेर नावाची पाटी लावताना शेणात घसरून असा पडलो, की शेजाऱ्यांना उद्घाटन झाल्याचं कळलं. खुलाशात एवढंच लिहिलं: पुन्हा येऊन बघा.

मॅडम खरंच आल्या. मी पॅनेल चालू करून दाखवलं, दिवे लागले. त्यांनी फोटोसाठी मोबाइल उचलला आणि थांबल्या. पत्र्यावरनं म्हशीनं मुंडकं माझ्या टेबलाकडं काढलं होतं.

"ती जरा बाजूला बांधता का? फोटोत येतेय."

मामा सोडायला उठले. मी त्यांना खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे मॅडम. ह्यो गोठाच हाय. निम्म्यात म्हशी, निम्म्यात मी. मागल्या टायमाला मी खोटं दाखवलं, आता हाय तसं दाखवतोय. म्हशीशेजारी धंदा करायचा न्हाय असं कुठल्या नियमात असंल तर तेवढं दाखवा, मग हलवतो."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, आणि दोघांचाही फोटो काढला. मामा म्हणाले, "म्हस बरी आली आसंल."

नंबर आला. तो घेऊन कागलला गेलो. खरेदी अधिकाऱ्यानं वर्कऑर्डर पुढं सरकवली. खाली एक ओळ होती: सदर काम पुण्याच्या कंपनीच्या देखरेखीखाली करावे. तेवढं चालतंय की, म्हणाला, नियमाप्रमाणं नंबर तर तुमचाच आहे. मी कागद परत त्याच्याकडं सरकवला आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. त्यानं फोनवर बोलून घेतलं, दोनदा घड्याळ बघितलं, जेवायची वेळ झाल्याचं सुचवलं. मी म्हटलं, तुम्ही जेवून या, मी बसतो.

ती ओळ काढून नवा कागद छापला, तेव्हा उठलो.