आत्याबाईंच्या बाजूचा आवाज

माझ्या एकुलत्या एक बहिणीचं लग्न देवासला गोरज मुहूर्तावर होतं आणि आम्ही आदल्या दिवशी धारहून तांग्यानं निघालो होतो. तांगा दरबारच्या तबेल्यानं निकालात काढलेला. माझ्या यजमानांनी तो मोठ्या हौसेनं घेतला होता. ते पुढे लगाम धरून, मी नि सासूबाई मागे, घोड्याकडे पाठ करून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे.

धारची वेस ओलांडली तोच डावीकडून करकर सुरू झाली. इंदूरच्या मुक्कामात यजमानांनी चाकांच्या आसाला एरंडेल पाजलं, घोड्याचे नाल पाहिले, माझी ट्रंक उजवीकडे बांधली. सकाळी निघालो तर करकर कालच्याहून मोठी. मला मात्र केव्हाच कळलं होतं. आत्याबाई डाव्या अंगाला टेकल्या की आवाज येई, पानाच्या डब्यासाठी वाकल्या की थांबे. त्यांच्या भारानं बैठकीखालची पोलादी कमान दबून चाकाला घासत होती.

पण सांगणार कसं? वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात सोय नव्हती. काही सांगायचं तर आत्याबाईंच्या मार्फत. आणि त्या अंगानं चांगल्या भरलेल्या. मी तोंड मिटून बसले.

क्षिप्रेच्या अलीकडे एक गाडीवान आवाज ऐकून म्हणाला, "भिया, धुरी टूट जायगी. लौट जाओ." यजमानांनी लगाम खेचला.

"आई, आस मोडेल म्हणतोय. इंदूरला परत फिरू. लग्न काय, आपल्यावाचूनही लागेल."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"आत्याबाई, त्यांना सांगा, आस चांगला आहे. आवाज... तुमच्या खालून येतोय."

आत्याबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि कुणाचा हात न धरता खाली उतरल्या. "हाक रे जरा." तांगा मुकाट्यानं पुढे गेला. आत्याबाई रस्त्यातच पोट धरून हसायला लागल्या.

"म्हणजे कालपासून मीच वाजतेय. मी मधोमध बसते, तू जा पुढे."

दिवसाढवळ्या नवऱ्याच्या शेजारी! मी पदर ओढून बसले. जरा वेळानं ते समोर बघतच पुटपुटले, "कधी कळलं तुला?"

"धारलाच."

ते इतके हसले की घोडा बिचकला.

अंतरपाट धरायच्या आत आम्ही मांडवात होतो. बहिणीवर अक्षता टाकताना मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी देवासच्या लोहारानं कमान नीट करून दिली. तरी परत निघताना आत्याबाई मागे मधोमध ऐसपैस बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू पुढेच बस. लोहाराच्या कामाचा काही भरवसा नाही."