उपाशी अडॅप्टर

अख्ख्या नॉर्वेत आर्नफिनइतका वस्तू जपून वापरणारा माणूस सापडायचा नाही. माझा शेजारी तो. जन्मभर फेरीबोटीवर मेकॅनिक होता, आता निवृत्त. विजेवरची जपानी गाडी बारा वर्षं जुनी, पण सीटवर डाग दाखवा. "म्युझियमला देऊन टाक की ती," असं मी कितीदा तरी म्हटलं. त्याचं ठरलेलं उत्तर, "चालतेय ना?"

चालायची, पण एका चार्जमध्ये डोंगर ओलांडायची नाही. आणि दर शनिवारी त्याला डोंगरापलीकडे जायचंच असे. तिथल्या वृद्धाश्रमात त्याचा थोरला भाऊ आहे, हाल्वर. त्याला आता चेहरे ओळखू येत नाहीत. पण शनिवारी बाराच्या सुमाराला गळ्यात टॉवेल अडकवून बसतो, आर्नफिनकडून दाढी करून घ्यायला. दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देत नाही. "एक शनिवार चुकला तर हेही विसरतील हो," असं नर्स म्हणाली होती. तेव्हापासून आर्नफिनने एकही चुकवला नव्हता.

वाटेत घाटमाथ्यावर रांगहिल नावाच्या बाईचं दुकान आहे, तिथे तो गाडी चार्ज करायचा. त्या मशीनच्या जुन्या पद्धतीच्या पिनेवर चालणारी त्याची एकच गाडी उरली होती. नोव्हेंबरात पाटी लागली, मार्चपासून नवं मशीन, जुनी पिन बंद. आर्नफिनने लगेच अडॅप्टर मागवला. एका बाजूला नवी पिन बसेल, दुसऱ्या बाजूने त्याची गाडी. आणि काय केलं? लोकरी मोज्यात घालून फडताळात ठेवला. खराब होईल म्हणे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मलाही पलीकडे जायचं होतं आणि माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून मी त्याच्याबरोबर निघाले. माथ्यावर त्याने मोज्यातून अडॅप्टर काढला, जोडला. ढिम्म. पुन्हा जोडला. तेच.

रांगहिल एप्रनला हात पुसत बाहेर आली. "हा चार्ज कधी केला होतास?"

"हा? ह्याने गाडी चार्ज करायची ना?"

"अरे बाबा, ह्याच्या पोटात पण छोटी बॅटरी असते. चार महिने उपाशी ठेवलास की त्याला."

"ठेव अजून मोज्यात जपून," मी म्हटलं. तो हसला नाही, नुसता घड्याळाकडे बघत राहिला. मला माझीच लाज वाटली.

रांगहिलने अडॅप्टर वॉफलच्या तव्यामागे मोबाइलच्या वायरला लावला. तो जागा व्हायला तीन तास गेले, मग गाडीचा नेहमीचा तासभर. आर्नफिनने वॉफलला हात लावला नाही. दोनदा फोन केला. नर्स म्हणाली, "टॉवेल घेऊन बसलेत. जेवायला उठत नाहीत."

साडेतीनला पोचलो. हाल्वर खिडकीशी होता, टॉवेल गळ्यातच. आर्नफिनने साबणाचा फेस केला. हाल्वरने हनुवटी वर केली, डावीकडे वळवली, नेहमीसारखी.

एक गाल झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही फार उशीर केलात. माझा भाऊ असता तर बाराला आला असता. तो कधी चुकवत नाही."

आर्नफिनचा वस्तरा थांबला. मग त्याने दुसऱ्या गालाला फेस लावला.

"हो," तो म्हणाला. "सांगतो त्याला."