दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

बुधवार, सकाळचे साडेअकरा. ईस्ट ब्रिस्टलमधल्या एका कम्युनिटी हॉलची मागची खोली. हीटिंग चालू, खिडक्या बंद, टेबलावर चिवड्याचा डबा आणि चार मग. हजर: मधुकर गायकवाड, प्रभाकर साळवी, पॉलीन आणि मी.

ते तिघं एकाच इंजिनिअरिंग कारखान्यातून रिटायर झालेले. गायकवाडकाका नागपूरचे, टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचे कारागीर. साळवीकाका चिपळूणचे, भट्टीवर होते. पॉलीन जमैकाची, कँटीनमध्ये होती. तिला मराठी येत नाही, पण कोण कोणाला टोमणा मारतंय ते बरोबर कळतं. मी इथल्या एका पेपरात तीस वर्षं बातमीदार. आता नोकरी नाही, वही आहे.

या बुधवारांचे किस्से माझ्याकडे सिंकखालच्या कॅरियर बॅगांसारखे साठलेत. एक ओढली की पाच बाहेर येतात. टाकवत नाहीत, कारण वाटतं, कधीतरी लागेल. त्यातली एक खरंच लागली.

*

गायकवाडकाका ब्रिस्टलला आले तेव्हा त्यांच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी. फोरमनने ते नीट वाचलं आणि परत दिलं.

"हे इंडियन लेथचं आहे. आमच्या लेथ वेगळ्या फिरतात."

काकांनी विचारलं, "उलट्या?"

त्यांना झाडू मिळाला. लोखंडाचा चुरा गोळा करायचा. कागदावर पद: लेबरर. चार महिन्यांनी एक टर्नर आजारी पडला, ऑर्डर अडली, तेव्हा त्याच फोरमनने त्यांना लेथवर उभं केलं. लेथ नागपूरसारखीच फिरली. कागदावरचं पद मात्र तेच राहिलं, शेवटच्या दिवसापर्यंत.

*

आता बिल्ल्याचं सांगते.

कारखान्यात टूल स्टोअरची एक खिडकी होती. स्किल्ड कामगाराला आपल्या नंबरचे दहा पितळी बिल्ले मिळत. एक बिल्ला दिला की एक टूल मिळायचं, आणि स्टोअरकीपर रजिस्टरमध्ये वेळ, टूल, नंबर आणि नाव लिहायचा. टूल परत केलं की बिल्ला परत. लेबररला बिल्ला नाही. झाडूला कशाला लागतो बिल्ला?

म्हणजे गायकवाडकाकांनी लेथ चालवायची, पण मायक्रोमीटर मागायचा नाही.

शेजारच्या मशीनवर टेड कॉलिन्स होता. गोरा, ब्रिस्टलचाच, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. तो दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून आपले दोन बिल्ले काढून काकांच्या हातावर ठेवले. नंबर दोनशे चौदा.

"हरवू नकोस. मला बोलणी बसतील."

त्या दिवसापासून काका जे काही मागत, ते रजिस्टरमध्ये टेडच्या नावावर चढे. स्टोअरकीपर काकांच्या तोंडाकडे बघून लिहायचा: टी. कॉलिन्स.

"मग टेड फार काम करायचा," साळवीकाका म्हणतात. "एकाच वेळी दोन मशीनवर. आमच्या गावात अशा माणसाचं देऊळ बांधलं असतं."

*

कँटीनमध्ये चहाच्या दोन टाक्या होत्या. पाटी कुठलीच नव्हती. डावी आपल्या लोकांची, उजवी त्यांची, हे सगळ्यांना आपोआप कळायचं.

साळवीकाकांना पहिल्याच आठवड्यात उजव्या टाकीशी कोणीतरी हटकलं. ते रागाने लाल होऊन गायकवाडकाकांकडे आले. गायकवाडकाका शांतपणे चहा पीत होते.

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

"गावी पाणवठा वेगळा होता. इथे चहा तरी गरम आहे. बस."

साळवीकाका सांगतात, "मी बसलो. माझ्या आजीने जे याच्या लोकांना दिलं, ते मला ब्रिस्टलला पार्सलने पोचलं."

पुढे पॉलीन तिथे कामाला लागली. दोन्ही टाक्या रोज एकाच किटलीतून तीच भरायची. सहा महिने तिने कोणाला सांगितलं नाही. मग एकदा उजवीकडचा एक जण म्हणाला, आमचा चहा बरा असतो. पॉलीनने सगळ्यांसमोर किटली उचलून दाखवली आणि शेंग सोलावी तशा सहजपणे म्हणाली, "आई एकच आहे, डार्लिंग."

*

मग संप झाला. मागणी एकच: जो स्किल्ड काम करतो त्याला बिल्ला द्या. युनियनच्या सेक्रेटरीने पाठीवर हात ठेवून सांगितलं, मागणी रास्त आहे, वेळ चुकीची आहे. तेव्हा आपली आणि वेस्ट इंडियन माणसं युनियनशिवायच बाहेर पडली.

पहिल्या दिवशी पोलीस आले. नेता कोण, असं विचारलं. कोणी पुढे होईना. तेवढ्यात साळवीकाका चहाचा थर्मास घेऊन कोपऱ्यावरून वळले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बोट केलं.

"तेव्हापासून मी नेता," ते म्हणतात. "थर्मास अजून आहे घरी."

टेड संपात नव्हता. पण आतही गेला नाही. तीन आठवडे तो गेटसमोरच्या बस स्टॉपवर उभा होता, डबा घेऊन, शिफ्ट सुटेपर्यंत.

साळवीकाकांनी रस्ता ओलांडून विचारलं, "कुठली बस पकडायचीय?"

"जी येत नाही ती."

चौथ्या आठवड्यात मॅनेजमेंटने लिहून दिलं की मागणीचा विचार चालू आहे. माणसं परत गेली. विचार अजून चालू असावा.

या संपाची आमच्याच पेपरची बातमी मी नंतर जुन्या फाइलमध्ये शोधली. गेटवरच्या गर्दीमुळे बस उशिरा धावल्या, एवढीच होती. माणसं बाहेर का उभी होती, त्यावर एक ओळ नाही. ती बातमी लिहिणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर मी पुढे अनेक वर्षं बसले, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

*

गायकवाडकाका पन्नाशीचे असताना कारखान्यात वार्षिक मूल्यमापन सुरू झालं. त्यांचा सुपरवायझर त्यांनीच लेथ शिकवलेला होता. त्याने फॉर्मवर लिहिलं: पुढे चांगलं काम करतील अशी उमेद वाटते.

"वाईट नव्हता तो," काका म्हणतात. "फॉर्ममध्ये लेबररसाठी तेवढीच ओळ होती."

*

कारखाना आता नाही. जागेवर फ्लॅट्स आहेत आणि तळमजल्यावर कारखान्याच्या आठवणींचं एक छोटं म्युझियम. मागच्या वर्षी आम्ही चौघं बघायला गेलो.

मधल्या काचेच्या पेटीत पोलादी गेज आहे, विमानाच्या इंजिनाचं पातं मापायचं. हातभर लांब, आरशासारखं. गायकवाडकाका त्यापुढे थांबले ते हललेच नाहीत.

"हे माझं आहे."

खालच्या पाटीवर लिहिलं होतं: घडवणारा, टी. कॉलिन्स, कुशल कारागीर. त्याखाली घडवल्याचं साल.

तिथल्या एमा नावाच्या बाई भल्या आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, रजिस्टरमध्ये या कामाची सगळी टूल्स कॉलिन्स यांच्या नावावर आहेत. तुमच्याकडे काही कागद आहे का?

काकांकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं. तेच, दोन पिशव्यांतलं. एमाबाईंनी ते नीट वाचलं आणि परत दिलं.

बाहेर आल्यावर साळवीकाका चिडले. "अरे, त्या टेडचं नाव खोडायला लाव."

"खोडायचं नाही," गायकवाडकाका म्हणाले. "त्याने बिल्ला दिला होता. खाली माझं लिहा, एवढंच. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, प्रभाकर. अजून किती वेळा सांगत फिरू?"

*

मी रजिस्टरं बघायला मागितली. एमाबाईंनी दोन खोकी काढून दिली. चार मंगळवार मी ती वाचत बसले. गायकवाडकाकांनी एक घडी घातलेला कागद आणून दिला होता, टेडच्या फ्युनरलला चर्चमध्ये वाटलेला. त्यावर तारीख आहे. शुक्रवार.

"स्टोअरकीपर माझ्या शेजारी बसला होता," काका म्हणाले. "रडत होता. रुमाल मी दिला."

पाटीवर गेज घडवल्याचं जे साल आहे, ते त्या शुक्रवारनंतर दोन वर्षांनी येतं.

मी म्युझियमला लिहिलं, कारखाना विकत घेतलेल्या कंपनीला लिहिलं, युनियनला लिहिलं. प्रश्न एकच ठेवला: हे काम कोणी केलं? म्युझियमने कळवलं की विचार चालू आहे. बाकी दोघांकडून काही नाही. पाटी आहे तशीच आहे.

पत्रासोबत मी रजिस्टरच्या एका पानाची फोटोकॉपी जोडली होती. फ्युनरलनंतरचा सोमवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मायक्रोमीटर, एक. बिल्ला नंबर दोनशे चौदा. आणि पुढे, त्याच स्टोअरकीपरच्या सुबक अक्षरात, नाव: टी. कॉलिन्स.