चित्राखालची कोरी पट्टी

सौदीतल्या जुबैलच्या कंपाउंडमधले आमचे शेजारी नाशिकचे इंजिनिअर आहेत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बघा वहिनी’नं सुरू होतं. वहिनी म्हणजे माझी बायको.

आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला ते दरवर्षी एका जुन्या युरोपीय चित्राची छापील प्रत भिंतीवर लावतात. बरोक काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपास, तिकडचे सरदार लग्नाच्या निमित्तानं अशी रूपकात्मक चित्रं छापून घेत.

“बघा वहिनी, हा पंखवाला म्हातारा म्हणजे काळ. त्याचे पंख बांधतंय ते पोर म्हणजे प्रेम.”

मूळ चित्राखाली जोडप्याच्या स्तुतीच्या ओळी असतात. तिथे हे स्वतः रचलेला उखाणा लिहितात आणि बायकोचं नाव मोठ्यानं घेतात. त्यांची बायको लाजते. टाळ्या सर्वांत उशिरा थांबतात त्या माझ्या बायकोच्या.

यंदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी तसंच चित्र भेट दिलं. खालची पट्टी कोरी होती.

“वहिनींचं नाव आता तुम्ही घ्यायचं. यल्ला, चला!”

मी हसून चहाचं विचारलं.

पट्टी कोरीच राहिली. काल तिच्यावरची धूळ पुसत बायको म्हणाली, “अहो, जमत नसेल तर त्यांनाच सांगू का एक रचून द्यायला?”

पेन कुठे ठेवलंय, एवढंच मी विचारलं.