बुडालेल्या माणसाचे गुडघे

आमच्या गल्लीतला एक माणूस कित्येक वर्षं समुद्रात बुडालेला होता, आणि दर महिन्याला मी त्याचे केस कापत होतो.

माझं केसकापणीचं दुकान पायऱ्यांच्या गल्लीत, चढाच्या बरोबर मध्यावर आहे. खाली बंदर, वर किल्ला. समोर हिरव्या दाराचं घर आहे, तिथे काका आणि काकू राहतात. ते माझे नात्याने कोणी नव्हेत, पण दाराला दार असलं की नातं आपोआप लागतं. काका पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला होते. सारं गाव त्यांनी पायी पालथं घातलं, पण होडीत कधी पाय ठेवला नाही. बंदराला बांधलेली होडी नुसती डुलताना दिसली तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. असा माणूस बुडाला कसा, तेच सांगतो.

त्याचं सगळं श्रेय छत्रीवाल्याला. छत्रीवाला म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना गाईड. मिटलेली छत्री उंच धरून तो बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांचा कळप किल्ल्यावर हाकतो. भरपूर ऊन, निळं पाणी आणि जुने दगड एवढ्या भांडवलावर आमचं गाव जेवतं, आणि त्या दगडांना बोलतं करायचं काम छत्रीवाल्याचं. त्याची जीभ चपळ आहे, अंग मात्र जड. अर्ध्या चढावर, नेमकी हिरव्या दारापाशी, त्याला धाप लागते. आता गाईडला धाप लागली असं पाहुण्यांना दिसून चालत नाही. तो थांबला म्हणजे तिथे थांबण्यासारखं काहीतरी असायलाच हवं.

त्या दिवशी तिथे काकू होत्या. दारातल्या बाकावर बसून मच्छरदाणी शिवत होत्या. आदल्या रात्री काकांनी झोपेत पाय घालून ती फाडली होती. कुणा पाहुणीने विचारलं, या आजी काय करतायत? छत्रीवाल्याकडे जेमतेम एका वाक्यापुरता श्वास होता. तो म्हणाला, नवऱ्याचं जाळं दुरुस्त करतायत, तो समुद्रावर गेला तो अजून आला नाही. पाहुणीचे डोळे भरले. तिचे भरले म्हणून तिच्या शेजारणीचे भरले. तोवर छत्रीवाल्याचा श्वास परत आला आणि उरलेलं वादळ त्याने सावकाश उठवलं.

काकूंना ती भाषा येत नव्हती. मच्छरदाणीला भोक पडल्याचं या लोकांना एवढं दुःख का व्हावं, हे त्यांना कळेना. उलट त्याच सगळ्यांची समजूत घालत होत्या की एवढं काही नाही, चार टाके घातले की होईल नीट. छत्रीवाल्याने त्याचं भाषांतर केलं की आजी म्हणतायत, तो परत येईल. काका त्या वेळी आत अंघोळ करत होते आणि भसाड्या आवाजात गात होते.

खरा प्रकार कळला तेव्हा काकू भडकल्या. माझ्या धडधाकट नवऱ्याला मारलंस मेल्या, म्हणत त्यांनी छत्रीवाल्याची छत्रीच हिसकावून घेतली. पण पुढच्या बोटीचे पाहुणे उतरले तेच जाळंवाल्या आजी कुठे आहेत विचारत. मग कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याचं सरबत खपायला लागलं. टोपीवालीच्या टोप्या खपायला लागल्या. गल्लीची बैठक भरली, तीही काकांच्याच घरात, आणि त्यांचाच चहा पिऊन सगळ्यांनी त्यांना विनंती केली की हंगाम आहे तोवर दिवसा दारात येऊ नका. काका भिडेचे. ते म्हणाले, गल्लीचं भलं होत असेल तर मी चार दिवस बुडायला काय हरकत आहे.

ते चार दिवस संपलेच नाहीत. पूर्वी आमच्याकडे हंगाम उन्हाळ्यापुरता असायचा. आता थंडीतल्या लोकांना ऊन हवं असतं, उन्हातल्या लोकांना फोटो हवे असतात, आणि ज्यांना काहीच नको असतं तेही स्वस्त तिकीट मिळालं म्हणून येतात. छत्रीवाल्याने मच्छरदाणी काढून घेतली आणि मासेमारीचं खरं जाळं आणून दिलं. भिंतीवर एक वल्हं टांगलं. काकूंना गडद कपडे घालायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, काकूंना ते आवडायलाही लागलं होतं. जन्मभर त्या बाईकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. आता लांबलांबची माणसं येऊन त्यांचा हात हातात घेत होती. दुःख खोटं असलं म्हणून काय झालं, विचारपूस तर खरी होती.

पुढे नगरपालिकेला जाग आली आणि हिरव्या दाराशेजारी दगडी पाटी बसली. समुद्राने नेलेल्या सर्वांच्या स्मरणार्थ, वगैरे. नगराध्यक्ष स्वतः आले. यांच्याच बंगल्याचा मीटर काकांनी वर्षानुवर्षं वाचला होता आणि यांचाच कुत्रा काकांना चावला होता. ते भाषणात म्हणाले, त्या शूर दर्यावर्दीला हे गाव विसरणार नाही. मग सगळे स्तब्ध उभे राहिले. दाराच्या फटीतून मला दिसलं, आत काकाही मान खाली घालून उभे होते. मी नंतर विचारलं तर म्हणाले, एवढे लोक उभे असताना बसून राहणं बरं दिसत नाही.

अशी भिडस्त माणसं जिवंतपणी मरायला फार सोयीची पडतात. काका मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत ये-जा करायचे. पुढे गुडघे धरले आणि तीही ये-जा संपली. मी कात्री घेऊन मागच्या खोलीत जायचो. त्या खोलीला ऊन माहीत नाही. गावभर पायपीट करून रापलेला हा माणूस हळूहळू माठात ठेवलेल्या काकडीसारखा गार आणि फिका पडत चालला होता. समोरून छत्रीवाल्याचा आवाज यायचा, वादळ, लाटा, शेवटची हाक. काका मला हळूच विचारायचे, आज मी कुठे बुडालो? रोज जागा बदलायची.

डॉक्टरांनी सांगितलं, औषध कमी, ऊन जास्त. रोज सकाळी गुडघ्यांना ऊन द्या, नाहीतर पाय कायमचे आखडतील. आता त्या घरात सकाळचं ऊन पडतं ते एकाच जागी, दारातल्या बाकावर, काकूंच्या शेजारी. गच्चीवर जायला शिडी, आणि शिडी चढायला गुडघे हवेत. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. माझ्याच दुकानात, छत्रीवाला दाढीला बसलेला असताना, भिंतीला धरून धरून ते आले आणि म्हणाले, सकाळी थोडा वेळ बाकावर बसू दे.

छत्रीवाल्याला खरंच वाईट वाटलं. तोंडाला साबण लागलेला असताना जितकं वाटू शकतं तितकं.

तो म्हणाला, "काका, तुम्ही बुडालात त्याला आता माझाही इलाज नाही. पाटीसुद्धा बसली."

वस्तरा माझ्या हातात होता. मी तो जरा जास्त वेळ त्याच्या गळ्यापाशी ठेवला, एवढंच माझ्याकडून झालं. काका मान डोलावून परत गेले. काकूंना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. मी सांगितलं. त्या दिवशी जाळ्यात त्यांनी मारलेल्या गाठी बघण्यासारख्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारापुढे भली मोठी टोळी उभी होती. छत्रीवाला शेवटच्या हाकेपर्यंत पोचला होता, रुमाल बाहेर निघाले होते, आणि हिरवं दार उघडलं. काका चौकट धरून उभे. अंगात घरातला सदरा, डोळे उन्हाने मिचमिचलेले. कॅमेरे खाली आले. कुणीतरी त्यांना हाताने खूण केली की बाजूला व्हा, फोटोत येताय.

छत्रीवाला कसलेला माणूस. क्षणभरच गडबडला. मग त्याने आवाज खाली आणून पाहुण्यांना सांगितलं, हे गल्लीतले एक एकाकी गृहस्थ. घरातली बारीकसारीक कामं करून देतात. रोज आजींना लग्नाचं विचारतात आणि रोज आजी नकार देतात. पाहुणे हळहळले. छत्रीवाल्याने तोंडावरचं दुःख तसंच ठेवून आपल्या भाषेत काकूंना सांगितलं, काकू, नुसती मान हलवा, नाही म्हणा, निभावून जाईल.

काकूंनी काकांकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत उजेडात त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यांचा चेहरा पडला.

"अहो," त्या म्हणाल्या, "इकडे या. तिथे सावली आहे."

आणि त्या सरकल्या. काका बसले. काकूंनी जाळं उचलून खाली टाकलं, काकांची विजार गुडघ्यांवर सरकवली आणि ते दोन पांढरेफटक गुडघे आपल्या हाताने उन्हात नीट लावून ठेवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक दणकट गृहस्थ हमसून हमसून रडले. छत्रीवाल्याला तेवढ्यापुरती बरी कमाई झाली असावी, कारण तो लगेच काकूंच्या कानाशी लागला की पुढच्या टोळीला मात्र नाही म्हणा. काकूंनी त्याच्या छत्रीकडे पाहिलं. आधीचा अनुभव होता, त्याने ती मागे लपवली.

पुढचं काही सुखाचं नाही. आजींनी लग्न केलं ही बातमी पाहुण्यांत पसरली आणि कौतुक ओसरल्यावर तक्रारी सुरू झाल्या. बोटीच्या हापिसात लोक सांगायला लागले की आम्ही वाट बघणारी बाई बघायला आलो होतो. सरबत खपेना. टोपीवालीने तर कमाल केली. काकूंच्या खऱ्या लग्नात हीच नटूनथटून मिरवली होती, आणि आता मला सांगते, या वयात शोभतं का हे, पहिला बिचारा पाण्यात आहे. मी म्हटलं, अगं बाई, पहिला आणि दुसरा एकच आहे. ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, पण लोकांना काय वाटेल.

नगरपालिकेने पाटी काढली नाही. काढायची तर पुन्हा नगराध्यक्षांना बोलवावं लागलं असतं. आता काका पाटीखालीच बसतात. गुडघे वाकायला लागलेत, परवा एकटे खालच्या वळणापर्यंत जाऊन आले आणि वाटेत दोन मीटर वाचून आले, सवयीने. छत्रीवाला अजून तिथेच थांबतो, धाप काही बदललेली नाही. फक्त गोष्ट जरा आखडती घेतो.

गेल्या आठवड्यात एका वयस्क पाहुणीने काकांनाच विचारलं. छत्रीवाल्याने नाइलाजाने विचारणा पोचवली: तो जो बुडाला, त्याच्याबद्दल तुमच्या मनात काय आहे? मी गिऱ्हाईकाला तसंच सोडून दारात आलो. काकांनी आपले गुडघे जरा आणखी उन्हात सरकवले.

"माणूस वाईट नव्हता," ते म्हणाले. "पण भित्रा होता. हिला एकटीला बाहेर बसवून स्वतः आत बसायचा."