पेटीच्या तळाचे चिकू

आमच्या घरी माझ्या योगाला कुणाचाच विरोध नव्हता. उलट कौतुकच. ऐंशीच्या दशकात वाणगावच्या चिकूवाल्याची सून आठवड्यातून दोनदा गाडीने पालघरला योगवर्गाला जाते, याचं सासऱ्यांना भारी अप्रूप. आल्यागेल्याला सांगत, "हिची पाठदुखी पार पळाली बघा." मी मात्र त्या दोन सकाळींच्या जोरावर अख्खा आठवडा ढकलत होते. घराबाहेर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

बिनसलं ते यमनियमांपाशी. शिकवणाऱ्या बाई एक दिवस म्हणाल्या, "आसनं तिसऱ्या पायरीवर आहेत. सत्य, अस्तेय हे सगळं खालच्या पायऱ्यांवर. त्या गाळून तुम्ही वर कशा चढलात गं?" बाकीच्या हसल्या. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या पेट्या आल्या.

पेटी भरायची आमच्या वाडीतली रीत अशी: तळाला गवत, त्यावर बारकी, डागी फळं आणि तोंडाशी निवडक मोठे चिकू. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. लग्न होऊन आल्यापासून हे काम माझ्याकडे होतं आणि खोटं कशाला सांगू, वरचा थर रचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तळापासून तोंडापर्यंत सारखी फळं भरली. सासऱ्यांनी पेटीत खोल हात घालून बघितलं.

"हे काय?"

"सारखी भरलीत. बारक्यांची पेटी वेगळी केलीय."

"तळाला काय असतं ते बाजारात सगळ्यांना ठाऊक हाय. मग त्यात खोटं कसलं?"

"ठाऊक आहे, तर मग एवढी मेहनत आपण कुणाला फसवायला करतो?"

कामाच्या बाया हातातलं फळ हातात धरून बसल्या. सासऱ्यांनी पेटी उलटी केली. "पुन्हा भर." मी पुन्हा तशीच भरली. त्यांनी पुन्हा ओतली. रागाने माझे कान तापले होते आणि भीतीही वाटत होती. मनाचा निग्रह म्हणतात तो हाच असेल, तर तो मुळीच शांत नसतो. मी तिसऱ्यांदा भरली, तशीच.

"तुला आसनं शिकायला धाडली, आमाला शिकवायला नाय," ते म्हणाले. "आमच्यासारखी भरत असशील तर जा पालघरला. नायतर उद्यापासून वर्ग बंद."

सकाळची गाडी, माझी चटई, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी, सगळं आठवलं. फार वाईट वाटलं.

"बरं, बंद," मी म्हणाले आणि पुढची पेटी ओढून तळापासून चांगली फळं लावायला घेतली.